प्रॉम्प्टर

ब्रह्मपुरीचे डॉक्टर कमी बोलतात.
दोन्ही मनगटं दाबून पाहिली, म्हणाले,
सहा आठवडे कीबोर्ड बंद.
मी म्हटलं, मग काम?
म्हणाले, तोंड आहे ना.

म्हणून आता सकाळी धानाच्या पोत्यांशेजारी
दार लावून, पंखा थांबवून
मी लॅपटॉपशी बोलते.

म्हणते, फॉर आय इन रेंज.
ते लिहितं, फोर आय इन ऑरेंज.
संत्र्यात चार डोळे!
संत्रं तिकडे, नागपूरच्या पलीकडे.
आमच्या झाडीपट्टीत नुसता धान आणि तळी.
पुन्हा म्हणते. जीभ पुण्याची करून म्हणते,
ओठ आवळून, नाकातून म्हणते.
ऑरेंज. ऑरेंज.
नवं फंक्शन सुरू करायला डेफ म्हणावं लागतं,
तर ते 'बहिरा' या अर्थाचं स्पेलिंग लिहून
माझ्याकडे बघत बसतं.

कंस उघड म्हटलं की उघडतं,
बंद कर म्हटलेलं ऐकूच जात नाही.
रात्री गोठ्याचं फाटक उघडं राहावं
तसा सगळा प्रोग्राम
सकाळी गावभर.

दहाला मडावींची राइस मिल सुरू होते.
स्क्रीनवर उमटतं, द द द द द,
चांगल्या अडीच ओळी.
त्यात आई परसातून ओरडते,
रोशनी, दूध!
आणि माझ्या बिलिंगच्या फाइलीत
एक रशियन ड्यूड येऊन उभा राहतो.
मी कपाळावर हात मारते, अगे माय वं,
ते इमानदारीनं लिहितं,
अगेन माय वे.
एवढं एकच वाक्य पहिल्या झटक्यात
व्याकरणासकट.

बाबा उंबऱ्यात सुपारी कातरत ऐकत होते.
बावीस हिवाळे वडशाच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर.
विंगेत पाटावर मांडी घालून,
बॅटरीच्या तोंडावर रुमाल, मांडीवर वही,
रात्री दहापासून कोंबडा आरवेपर्यंत
दुसऱ्यांच्या तोंडात वाक्यं ठेवायची.
नायक हरबाजी राऊत, डाव्या कानानं ठार बहिरा.
तरी एकदाही अडला नाही, म्हणतात.

'वरडून काही होत नाही वो माय,' बाबा म्हणाले.
'तो श्वास घेते ना, त्याच्या जराक आधी सांगाचं.
अन् सारा शब्द नाही सांगाचा.
शब्दाचं तोंड सांगाचं.'

मी म्हटलं, बाबा, हे श्वास घेत नाही.

'मंग कशाले बोलतेस त्याच्याशी?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.
लाइट गेली. मिल थांबली.
बॅटरी एकोणीस टक्के.
बाबांनी त्यांची जुनी वही मागवली, म्हणाले, सांग.
मी सांगत गेले, ते देवनागरीत उतरवत गेले,
फॉर आय इन रेंज, कंस, दहा, कंस पूर्ण, कोलन.
कोलनला त्यांनी विचारलं, हा रडते का हासते?
मी म्हटलं, थांबतो फक्त.
त्यांनी बाजूला बारीक खूण केली.

मग चष्मा सावरून, लॅपटॉपच्या उजव्या अंगाला बसून
ते हळू वाचू लागले,
समोर हजार माणसं बसलीत
आणि त्यातल्या एकालाही ऐकू जायला नको, असं.
दोन ऑरेंज आलेच.
एका ठिकाणी 'चुकली ओळ, पुना घे' हेही उमटलं,
म्हणजे उमटलं त्याचं काहीतरी भलतंच.
पण कंस मिटले. सगळे.
बॅटरी चार टक्के असताना शेवटची ओळ झाली
आणि बाबा सवयीनं म्हणाले,
पडदा.

ते लिहिलं गेलं, पर द.

खोडायला बोट उचललं, मनगटातून कळ आली.
म्हणून त्याच्यापुढे फक्त एक हॅश बोलले.
हॅश असलेली ओळ यंत्र वाचत नाही,
ओलांडून जातं.

सोमवारी पुण्याहून सौरभचा मेसेज आला,
ओळ एकशे बारा, हे पर द काय आहे?
मी मोबाइल तोंडाजवळ धरून म्हटलं,
चालतंय ना? मग हात नको लावू.

त्याला काय पोचलं, मी वाचलं नाही.